शोभाकाकूंची मंगळवारची ओटी

मंडळी, सकाळपासून कामात लक्ष नाही. कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

शेजारच्या शोभाकाकूंची लेक अश्विनी अमेरिकेत असते. पाचवा महिना सुरू आहे. काल पाणी गेलं. बाळ वाचणार नाही, असं डॉक्टरच सांगतात. पण बाळाचे ठोके सुरू आहेत, म्हणून तिथल्या राज्याच्या गर्भपातबंदीच्या कायद्याच्या भीतीनं कोणी पोट मोकळं करून देत नाही. आता अश्विनीला ताप चढतोय.

सकाळी काकूंच्या फोनवर ती दिसली. मी म्हटलं, "कोर्टात जाता येत नाही काय व?"

"तारीख लागेपर्यंत मी राहीन काय, ताई? कायदे करणारे सारे करोडपती. त्यायच्या पोरी विमानानं दुसऱ्या राज्यात जातात. मले तं खाटेवरून उठता येत नाही."

काकू दर मंगळवारी बाळासाठी अंबादेवीची ओटी भरतात. आजही ताट घेऊन दारात उभ्या होत्या.

"आज काय मागू व देवीले? नातवाचे ठोके थांबव म्हणू?"

मी सोबत गेले. दोघींनी हात जोडले. काय मागितलं, ते एकमेकींना विचारलं नाही.

तुम्ही काय मागितलं असतं?