ठोकळे लावले का?

आयुष्यात मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर तो जळगावच्या नानांचा. त्यांचं पूर्ण नाव मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झाल्यावरही ते परक्याचंच वाटलं. नाना म्हणजे नाना. फोन उचलल्यावर ते "हॅलो" म्हणत नसत, कोण बोलतंय हेही विचारत नसत. पलीकडून पहिले शब्द यायचे ते हे: "ठोकळे लावले का?"

पहिल्या वेळी मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवून दिला होता.

पत्रा दाबून आकार देणारा हायड्रॉलिक प्रेस तुम्ही पाहिला असेल. वरचा जड लोखंडी भाग, ज्याला आम्ही रॅम म्हणायचो आणि नाना दट्ट्या, तो सिलेंडरमधल्या तेलाच्या जोरावर वर लटकलेला असतो. तेलाने दगा दिला की तो खाली येतो, आणि खाली कुणाचा हात आहे का ते पाहत नाही. म्हणून बिघाड शोधण्याआधी रॅमखाली सागाचे ठोकळे उभे करायचे, हा नानांचा नियम. एकदा मी घाईत खोटंच "लावले" म्हणालो.

"किती?"

"दोन."

"आडवे का उभे?"

मी खिडकीतून खाली प्रेसकडे वाकून पाहिलं.

"जा, लावून ये. मी थांबतो."

आणि ते खरोखर रिसीव्हर कानाला लावून थांबले.

एके काळी नाना खांद्याला पिशवी अडकवून एसटीने गावोगावचे प्रेस दुरुस्त करत हिंडले होते. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला. मग जळगावातल्या मेहरूण भागातल्या आपल्या शेडमध्ये त्यांनी फोन घेतला आणि बसल्या जागेवरून सिलेंडर तपासायला लागले. न पाहता, न हात लावता, नुसतं ऐकून. मी त्यांना हे करताना नंतर एकदा प्रत्यक्ष पाहिलं. बोदवडचा कुणीतरी फोनवर होता. नाना डोळे मिटून, मांडीवर शाळकरी पाटी घेऊन बसले होते आणि पलीकडचा जसं सांगेल तसा खडूने सिलेंडर काढत होते. मध्येच त्यांनी पाटीवरचा अर्धा सिलेंडर बाहीने पुसला आणि म्हणाले, "आता तू आधी सांगितलं ते खोडलंस बरं का. दोन्हींतलं खरं कुठलं?"

मी पांझरेकाठच्या एका खेड्यातला. घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. इंजिनिअर झालो, धुळ्याच्या देवपूर भागात खोली घेतली आणि गावातल्याच एका छोट्या कारखान्यात लागलो. तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे भाग तयार होत. नोकरी सहा महिन्यांच्या कच्च्या मुदतीवर होती, पण वडिलांनी गावात ती पक्की असल्याचं सांगून टाकलं होतं.

कामाला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात मोठ्या प्रेसचा रॅम आपोआप खाली सरकायला लागला. मी पुस्तक काढलं. पुस्तकात पहिलं कारण लिहिलं होतं: पिस्टनचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, फाटलं असेल. मी सिलेंडर उघडायला लावला, सील बदललं. दोन दिवस प्रेस नीट चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेठजींनी लेखी कारण मागितलं. मी इंग्रजीत, टापटीप अक्षरात लिहून दिलं: चालक हँडल झटक्याने सोडतो, त्यामुळे सील वारंवार खराब होतं.

चालक म्हणजे दगाभाऊ. अकरा वर्षं त्याच प्रेसवर उभा असलेला माणूस. शेठजींनी माझा कागद वाचून त्यांना सांगितलं, शनिवारपासून यायचं नाही. तो दिवस गुरुवार होता.

दगाभाऊ माझ्याकडे आले. भांडले नाहीत. "साहेब," म्हणाले, "तुम्ही कागदवर जे लिखं ते मी कव्हय करं?"

मी वर ऑफिसात गेलो आणि भिंतीवर लिहून ठेवलेला जळगावचा नंबर फिरवला. ठोकळे लावलेले होते, या वेळी उभे आणि चार. ते आणि शेठजींना दिलेल्या कागदाचंही सांगून मी म्हणालो, "नाना, पिस्टन सील पुन्हा लीक आहे."

"लीक आहे हे तू ठरवलंस. दिसतंय काय?"

"रॅम ड्रिफ्ट होतोय."

"हे इंग्रजी मशीन बोलतं का तू बोलतोस? चालवणारा काय म्हणतो?"

मी खिडकीतून खाली ओरडून दगाभाऊंना विचारलं. त्यांनी वर ओरडून सांगितलं. मी फोनवर म्हणालो, "ते पण म्हणताहेत, रॅम खाली येतो."

"असं म्हणाला? याच शब्दांत?"

"म्हणजे... ते अहिराणीत बोलतात. अर्थ तोच."

मग नाना म्हणाले, "त्याला वर बोलव. फोन त्याच्या हातात दे. आणि तू जरा गप्प बैस."

खरं सांगायचं तर मी घरी अहिराणीच बोलायचो. ऑफिसात मात्र ती तोंडातून निसटू नये म्हणून जपायचो. दगाभाऊ आले, हात पँटला पुसले आणि रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून, जळगावपर्यंत तसाच आवाज जाईल अशा बेताने ओरडले. त्यामुळे दोन्ही बाजूंचं सगळं मला ऐकू आलं.

"काय करस रे भो तो दट्ट्या?" नानांनी विचारलं.

"कव्हय धरस, कव्हय सोडी देस, नाना! सकायले घंटाभर धरी ठेवं. मंग एकदम सोडी दिधं. आते परत धरी ऱ्हायना!"

नाना हसल्याचा आवाज आला. "दे त्या साहेबले."

मी फोन घेतला.

"ऐकलंस? कधी धरतो, कधी सोडतो. तू 'कधी' हा शब्द गिळलास. फाटलेलं सील कधी फाटलेलं आणि कधी शिवलेलं नसतं. ते फाटलं की फाटलं. जागा बदलतो तो कचरा. तुझं सील चांगलं आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, करून बघ."

मग त्यांनी एकेक पायरी सांगितली. डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, काढा. ठोकळे काढून दट्ट्या सावकाश पार तळापर्यंत खाली न्या, म्हणजे पडायला जागाच उरणार नाही. मोटर बंद करा, तेलाचा दाब उतरवा. सिलेंडरची खालची नळी सोडा, नळीचं तोंड बंद करा. मग मोटर चालू करून दाब वरून द्या आणि सिलेंडरच्या उघड्या तोंडाकडे लांबून पाहा. सील फाटलं असेल तर तिथून तेल येतच राहील.

आम्ही केलं. सुरुवातीला चार थेंब आले. दगाभाऊंनी खाली डबा धरून ठेवला होता. पाच मिनिटं झाली.

"काहीच नही येस, साहेब!"

मी उघडायला लावलेल्या सिलेंडरमध्ये दोष नव्हता. मग नानांनी सांगितल्याप्रमाणे रॅमचं तेल अडवून धरणारा व्हॉल्व्ह आम्ही उघडला. आत, तेलाची वाट बंद करणारी गोळी जिथे बसते त्या कडेवर, पांढरे सुती तंतू चिकटले होते. ते कधी कडेवर येत, कधी बाजूला होत.

मी आनंदाने वर पळत जाऊन फोन केला. नानांनी ठोकळ्यांचं विचारलं आणि मग म्हणाले, "सूत आलं कुठून? टाकी कुणी पुसली होती का एवढ्यात?"

कामावर आल्या आल्या, पुस्तकातलं स्वच्छतेचं प्रकरण वाचून, तेलाची टाकी मीच रिकामी करवून पुसून घेतली होती. दगाभाऊ तेव्हा म्हणाले होते, फडकं आणतो. मी म्हणालो होतो, थांबायला वेळ नाही, कॉटन वेस्टच्या, टाकाऊ सुताच्या बोळ्याने पुसा.

"मी," मी म्हणालो. "वेस्टने."

"हं," नाना म्हणाले. "तो कागद अजून शेठजींकडेच आहे ना?"

"हो."

"मशीनचं मी सांगितलं. कागदाचं तुझं तू बघ." आणि फोन ठेवला.

पुढे दहा-बारा वर्षं मी त्यांना फोन करत राहिलो. नाना आता नाहीत. पण त्या फोननंतरच्या आठवड्यात पुन्हा फोन करायचं धाडस मला झालं नाही, म्हणून मी पत्र लिहिलं. शाळेतल्या सवयीप्रमाणे आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं होतं. कच्चं माझ्याकडे राहिलं, ते असं:

"ती. नानांना सा. न. वि. वि.

शुक्रवारी सकाळी शेठजींना भेटलो. टाकी मी पुसून घेतली, सूत माझ्यामुळे आत गेलं आणि माझा कागद चुकीचा आहे, असं सांगितलं. बोलताना मध्येच अहिराणीत गेलो. शेठजी खूप बोलले. नंतर त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले, ज्याच्याविरुद्ध लिहिलंस त्याच्यासमोर फाड. फाडला.

मला आणखी सहा महिने कच्चं ठेवलं आहे. दगाभाऊ पक्केच राहिले आणि शनिवारी कामावर आले. ते मला म्हणाले, 'साहेब, आते टाकी मी पुससू. तुम्ही बॅटरी धरा.' त्यांनी घरून जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं आणलं होतं. मी तासभर बॅटरी धरून उभा होतो. हात हलला की ओरडत होते. प्रेस चार दिवस धरून आहे.

नोकरी कच्चीच राहिली हे वडिलांना अजून कळवलेलं नाही. रविवारी गावी जाऊन तोंडानेच सांगणार आहे. आधी तुम्हाला लिहिलं."