ओल्या लोकरीचं शेवटचं झाड

रोवीना टॅकेटला गोड बाई म्हणणारा आमच्या खोऱ्यात कोणी भेटला असता, तर तिनंच त्याला वेड्यात काढलं असतं. तोंडानं फटकळ, कामाला वाघ, आणि झाडांच्या बाबतीत सख्ख्या भावावरही विश्वास न ठेवणारी. त्यात तिचा दोष नव्हता. पोलिसांच्या हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली की बायका चुलीवरचं चुलीवर टाकून झाडीत पळायच्या, त्या काळात ती इथं गांजा लावायला शिकली. कोणाचं झाड कुठं आहे हे तेव्हा कोणी विचारत नसे आणि फोनवर तर झाडाचं नावही निघत नसे. पुढं कायदा बदलला, गांजा उघड लावता-विकता येऊ लागला, पण तिची जीभ काही बदलली नाही.

कड्यापलीकडे समुद्र. ऐन उन्हाळ्यातही धुकं दुपारपर्यंत बूड हलवत नाही, आणि काढणीच्या तोंडावर पाऊस ठरलेला. गांजाच्या तुऱ्याला ही ओल म्हणजे विष. वरून तुरा टपोरा, देखणा. आत करडी बुरशी. एक पान ओढावं तर अख्खा गाभा कुजून हातात येतो. शहाणी माणसं वर डोंगरमाथ्यावर उन्हात लावतात. रोवीना आणि तिचा नवरा ऑरिन यांना माथ्यावरची जमीन परवडली नाही, आणि हट्टात दोघं एकमेकांना हार जाणारे नव्हते.

अफगाणिस्तानातलं ठेंगणं, लवकर पिकणारं झाड एकीकडे. मेक्सिकोचं उंच झाड, ज्याच्या विरळ तुऱ्यातून वारा खेळतो, ते दुसरीकडे. ऑरिननं त्यांचा संकर केला. दर वर्षी सडेल ते फेकायचं, तगेल त्याचं बी धरायचं. मुलगी टॅन्सी शाळेत जायला लागली तेव्हा सुरू केलेलं काम ती घर सोडून गेली तेव्हा कुठे हाताला लागलं. त्या वर्षी सगळं खोरं सडलं आणि यांची झाडं मात्र पावसात निथळत धडधाकट उभी! वास भिजलेल्या मेंढीसारखा, म्हणून नाव पडलं ‘ओली लोकर’. ऑरिन चिखलात नाचला. रोवीना पायरीवरून ओरडली, “पुरे आता, गुडघे मला चोळावे लागतात!”

ऑरिन गेला. मग दुकानं आली, आणि दुकानांना मेंढीचा वास नको होता. त्यांना फळांच्या वासाची, गोंडस नावांची झाडं हवी होती. रोवीना तीच लावू लागली. ‘ओल्या लोकरी’च्या बियांची बरणी फडताळात गेली ती गेलीच. “बी काय पळून जातंय?” असं ती म्हणायची. बी पळून जात नाही, पण मरतं. गेल्या साली बुरशीनं बाग खाल्ली, तेव्हा तिला बरणी आठवली. वसंतात झाकण उघडलं तर आत ओल. सगळं बी तिनं पेरलं. उगवलं एकच. त्या एका रोपाशी ती ऑरिनशी बोलावं तसं बोलायची, भांडायचीसुद्धा. आणि उन्हाळा अर्धा सरल्यावर त्या रोपानं खूण दाखवली. नर निघाला.

आमच्याकडे नराला थारा नाही. त्याची पिवळी धूळ मादीवर पडली की तुऱ्यात बी भरतं आणि पीक मातीमोल होतं. दिसला नर की उपट, ही इथली रीत. टॅन्सीचे डोळे लहानपणी याच कामात ससाण्यासारखे होते. आईनंच शिकवलं होतं सगळं. बागेतलं तेवढंच काम त्या पोरीला आवडायचं. बाकी सगळ्याचा तिला राग: मैत्रिणींना घरी आणायचं नाही, बाप काय करतो विचारलं तर खोटं बोलायचं. “तुला माझ्यापेक्षा झाडंच प्यारी,” म्हणून ती सॅक्रमेंटोला, शहरात गेली, ती नाताळच्या फोनापुरतीच उरली.

हा एक नर मात्र रोवीनाला जिवापलीकडे जपायचा होता. तिनं त्याची कुंडी पंपाच्या खोपटामागे, वारा लागणार नाही अशी नेऊन ठेवली. फुलातल्या धुळीच्या पिशव्या फुटल्या की कुंचल्यानं धूळ घ्यायची, एका चांगल्या मादीच्या एकाच फांदीला लावायची. निम्मा का होईना, वंश टिकला असता. ऑरिनचं या जगात तेवढंच उरलं होतं. कोणाला सांगितलं नाही. आणि पिशव्या फुगायला लागल्या तोच धुक्यानं ओल्या झालेल्या पायरीवरून ती घसरली. खुबा मोडला.

शेजारच्या डोर्सीनं तिला दवाखान्यात पोचवलं आणि टॅन्सीला कळवलं. नवल म्हणजे टॅन्सी आली. आईच्या घरी पोचल्यावर तिथूनच तिनं फोन केला.

“आई, पोचले गं. बागेला पाणी घालते आणि तुझ्याकडे येते. आणखी काही बघायचंय?”

रोवीनानं तोंड उघडलं. “आहे एक. पण फोनवर नको. इकडे आलीस की सांगते.”

“अगं, कायदा झाला त्याला किती वर्षं झाली! आता हेलिकॉप्टर येतं ते तुझ्यासारख्या खुबेमोड्यांना उचलायला.”

“फोनवर नको म्हटलं ना!”

“बरं बाई, राहिलं.”

संध्याकाळी टॅन्सी आली ती ओल्या केसांनी, हसत.

“डोळे गेले की काय तुझे, आई? पंपामागे हा एवढा नर! दोन-चार पिशव्या तर फुटल्यासुद्धा होत्या. मी एक दिवस उशिरा आले असते तर गेलंच होतं तुझं पीक.”

रोवीनानं विचारलं, “उपटलास?”

“मग काय मांडीवर घेऊन बसू? आधी वरून प्लास्टिकची थैली घातली, मुळासकट उपटला, लांब नेऊन जाळला.”

“आणि तुझा शर्ट?” शर्टाच्या घडीत चिमूटभर धूळ जरी असली, तरी पुरे होती. “शर्ट कुठाय?”

“तो तिथंच काढला. कढत पाण्यातून काढला. अंगावर नळी मारून घेतली, काय गारठले म्हणून सांगू! आणि मगच बागेत पाय टाकला. तू शिकवलेलं काही म्हणजे काही विसरले नाही बघ.”

रोवीनानं तोंड खिडकीकडे फिरवलं. ऑरिन गेला त्या दिवशी ती रडली नव्हती. आता तिला आवरेना.

“दुखतंय का फार?”

“दुखतंय गं.”

टॅन्सीनं उशी सारखी केली, कपाळावर हात ठेवला. कितीतरी वर्षांत तिनं आईला असा हात लावला नव्हता. “रडू नकोस. पीक वाचलं ना? मी थांबू का काढणीपर्यंत? तुला अडचण नसेल तर.”

‘ते तुझ्या बापाचं शेवटचं झाड होतं,’ हे वाक्य रोवीनाच्या ओठांवर होतं. ते बोलून झाड परत येणार नव्हतं, आणि टॅन्सी मात्र जाणार होती.

“थांब,” ती म्हणाली. “चांगलं केलंस.”

“आणि फोनवर सांगायचं नव्हतं ते काय गं?”

“तेच,” रोवीना म्हणाली. “पंपामागे नर आहे, तो उपट, हेच सांगणार होते.”

“बघ! न सांगता केलं की नाही मी?” टॅन्सी म्हणाली, आणि अगदी बापासारखी खदखदून हसली.