दशरथभाऊंची मंडपाशेजारची वाट

तेली गल्लीच्या तोंडाशी दशरथभाऊंच्या चपलेचा अंगठा तुटला. सकाळी पार्ल्याहून चालत निघालो होतो, आता ऊन चढलं होतं आणि अजून काही मंडपांच्या जागा बघायच्या राहिल्या होत्या. कोपऱ्यावर चपला शिवणारा बसला होता. त्याने दशरथभाऊंच्या हातातली पांढरी काठी बघितली आणि मान वर करून मला विचारलं, ह्यांची एकच शिवू की दोन्ही बघू? मी दोन्ही बघा म्हणून मोकळी झाले.

दशरथभाऊंनी काठी बगलेत धरली, वाकून दुसऱ्या पायातली चप्पल काढली, तिचा अंगठा ओढून बघितला आणि परत पायात घातली.

"एकच," ते म्हणाले. "ही धडधाकट आहे. माझ्यापेक्षा."

चपला शिवणारा हसला. मी पण हसले.

आम्ही हिंडत होतो ते ऑफिसच्या कामाने. दशरथ घाडीगावकर आमच्या पालिकेच्या विभाग कार्यालयात टेलिफोनवर आहेत. मी तिथेच क्लार्क, आणि गणपतीच्या मंडपांच्या परवानग्यांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. दशरथभाऊंना जन्मापासून दिसत नाही. गाव कणकवलीच्या बाजूचं, वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा सगळं बिऱ्हाड परळहून पार्ल्याला आत्याकडे आलं आणि इथलंच झालं. आमच्याच रस्त्यावर, माझ्या घरापासून चार बिल्डिंगी सोडून ते आणि माणिकवहिनी राहतात. शर्ट कायम इस्त्रीचा. कुठला रंग घातलाय ते सकाळी वहिनींना विचारून घेतात, आणि ऑफिसात कोणी शर्टाचं कौतुक केलं की 'निळा ना?' म्हणून खात्री करतात. क्रिकेटवर बोलायला लागले की थांबत नाहीत. तापट आहेत. चुकीचा नंबर लावणाऱ्याची अशी हजेरी घेतात की तो माणूस परत फोन उचलताना देवाचं नाव घेत असेल.

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत, ते आधी सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा मला फोनची भीती वाटायची. शिक्षण सगळं पालिकेच्या मराठी शाळेत. सोसायट्यांचे सेक्रेटरी फोनवर इंग्रजी झाडायला लागले की माझ्या तोंडाला कोरड पडायची. एकदा तर रिसीव्हर टेबलावर तसाच ठेवून मी बाथरूमला निघून गेले होते. ही गोष्ट दशरथभाऊंच्या कानावर गेली. त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या खोलीत यायला सांगितलं. मला वाटलं, आता हजेरी. पण त्यांनी डबा उघडला, माझ्यासमोर फोन सरकवला आणि म्हणाले, समोरच्याला इंग्रजी नको असतं, पाणी हवं असतं, तेव्हा कुठल्या बिल्डिंगला येत नाही तेवढं विचारा. पुढे कितीतरी दिवस हे असंच चाललं. मी फोन घ्यायची आणि ते भाकरी-बांगडा खात बसायचे. जेवण झालं की 'बरा झाला' एवढंच म्हणायचे. आज कोणाचाही फोन येऊ दे, मी घेते. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी काही नावं मनात घेते, त्यात हे एक नाव तेव्हापासून आहे.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. घरापासून ऑफिसपर्यंत दशरथभाऊ एकटे चालत येतात. तरुण होते तेव्हापासून येतात. भिंतीच्या कडेने काठी टेकत, बेकरीचा वास आला की डावीकडे वळायचं, असा त्यांचा रस्ता पक्का आहे. पण गणपती आले की आमच्या मंडळाचा मंडप फुटपाथ पूर्ण अडवतो. परवानगीच्या कागदावर जायला वाट सोडण्याची अट असते, आणि ती कागदावरच असते. दरवर्षी ते रस्त्यावर उतरून वळसा घालायचे. गेल्या वर्षी वळसा घालताना एक स्कूटर घासून गेली. ते पडले आणि मनगटाचं हाड मोडलं.

आमच्या मंडळाची माणसं वाईट नाहीत. बातमी कळली तशी सगळ्यांनाच चुटपुट लागली. बाप्पाच्या दारात असं व्हावं! अध्यक्ष श्यामकांत तर रडवेले झाले. मग आपल्याकडे वाईट वाटलं की जे करतात तेच मंडळाने केलं. सत्कार ठरवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती दशरथभाऊंच्या हस्ते, शाल-श्रीफळ, आणि दोन कार्यकर्ते रोज त्यांना घरून आणून मंडपाच्या पलीकडे सोडणार अशी घोषणा. मी महिला समितीत आहे, ताट मीच सजवलं होतं.

दशरथभाऊ प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून स्टेजवर उभे राहिले. आरती झाली, अंगावर शाल आली. श्यामकांतांनी माइक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"शाल बरी आसा," ते म्हणाले. "पण माका वाट होयी."

टाळ्याच टाळ्या. वाट हवी म्हणाले, तर लोकांना वाटलं, काका विनोदी आहेत. श्यामकांतांनी माइक परत घेतला आणि दशरथभाऊ भारावून गेलेत, त्यांना शब्द सुचत नाहीत, असं सांगून टाकलं. दशरथभाऊ तिथेच उभे होते. नारळ एका हातात मावत नव्हता, तो कोणीतरी धरायला घेतला.

दोन कार्यकर्ते मात्र खरंच रोज येऊ लागले. बिचारे वेळेवर यायचे. एक काठी धरायचा, दुसरा दंड धरायचा. आता काठी दुसऱ्याने धरली तर आंधळ्या माणसाने काय धरायचं? चार दिवसांनी दशरथभाऊंनी दोघांनाही हाकलून दिलं आणि मंडळात नाराजी झाली. इतकं करूनही किंमत नाही, असं बोललं गेलं. माणिकवहिनींनी तर अंथरूणच धरलं. पुढच्या गणपतीत काही झालं तर? त्यांच्या समाधानासाठी दशरथभाऊंनी देवासमोर शब्द दिला की, येत्या गणपतीत परत पडलो तर नोकरी सोडीन आणि घरी बसेन. नोकरीची अजून चार वर्षं आहेत. घरी बसलेले दशरथभाऊ मला डोळ्यांसमोर आणता येत नाहीत.

या वर्षी ऑफिसात रुचिका मॅडम नव्या अधिकारी म्हणून आल्या. वयाने लहान, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांना ही हकिकत कळली तेव्हा त्यांनी कार्यकर्ते द्या की शाल द्या यातलं काही म्हटलं नाही. परवानग्या देण्याआधी घाडीगावकरांनाच जागा दाखवा, म्हणाल्या. बरोबर मला जायला सांगितलं. वर, मंडळांची गुरुवारी ऑफिसात बैठक असते, तिथे घाडीगावकरच बोलतील असंही ठरवून टाकलं. आमच्या ऑफिसात आजवर असल्या बैठकीला दशरथभाऊ फक्त फोन जोडून द्यायला होते. मॅडमना मी मनोमन हात जोडले.

म्हणून ही पायपीट. मंडप अजून उभे राहिले नव्हते, पण मंडळांनी जमिनीवर चुन्याची फक्की मारून कुठून कुठवर ते आखून ठेवलं होतं. मी फक्की कुठे आहे ते सांगायची, दशरथभाऊ काठीने दोन्हीकडचं अंतर बघायचे आणि मी लिहून घ्यायची. एका मंडळाने छान ऐसपैस वाट सोडली होती. मी खूश झाले. दशरथभाऊ म्हणाले, गेल्या वर्षीही सोडली होती, आणि दर्शनाला येणाऱ्या सगळ्या पब्लिकने तिथे चपला काढल्या होत्या. मला पटलं. मी स्वतः त्याच ढिगात चप्पल काढून आत गेले होते.

चप्पल शिवून झाल्यावर आम्ही तेली गल्लीतल्या मंडपाच्या जागेवर गेलो. इथे दशरथभाऊंचं ठाम मत होतं की वाट भिंतीच्या बाजूला हवी, भिंत हाताशी असली की चुकायला होत नाही. मी तसं लिहितही होते. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या पुतळाबाईंनी तोंड उघडलं. त्या तिथे दूर्वा, जास्वंद, हार विकतात. आम्ही आल्यापासून आमचं मोजणं बघत असतील.

"ए बाई," त्या मला म्हणाल्या, "ह्यांना वाट दिली तर मी काय डोक्यावर बसू? गणपतीचेच तर दिवस असतात आमचे."

मी समजावायला लागले की हे पालिकेचे आहेत, ह्यांना दिसत नाही, गेल्या वर्षी पडले, मंडळाने शाल घातली. पुतळाबाई म्हणाल्या, पडले ते वाईट झालं, पण मी पण म्हातारी आहे, मला कुठे कोण शाल घालतंय? मी परत काही बोलणार, तर दशरथभाऊंनी मला थांबवलं आणि फुलांचा वास येत होता तिकडे वळून खाली बसले. अगदी फुटपाथवर, इस्त्रीच्या पँटसकट. मग त्या दोघांचं जे चाललं त्यात मला जागाच नव्हती. पुतळाबाई तिथे किती वर्षं बसतात, नवरा कुठे होता, सून कशी आहे, इथपर्यंत सगळं झालं. त्या पण गिरणीवाल्याच्याच घरच्या निघाल्या. शेवटी दशरथभाऊंनी कबूल केलं की भिंतीचा हट्ट आपला, आपल्या सवयीचा. वाट रस्त्याच्या बाजूने काढली आणि मध्ये बांबूचा कठडा बांधला, तर काठीला कठडा पुरेल आणि गाड्याही आत येणार नाहीत. पुतळाबाईंनी वर सुचवलं की चपलांचं फळकूट माझ्या बाजूला ठेवा, मी राखते. मी खोडलं आणि नवीन लिहिलं.

निघताना पुतळाबाईंनी दूर्वांची जुडी दशरथभाऊंच्या हातात दिली. मी पर्स उघडायला गेले तर त्यांनी मलाच झापलं की तुला नाही दिली.

परतीच्या वाटेवर आम्ही हळू चाललो. मी बोलत होते, कारण माझं मन भरून आलं होतं. गुरुवारच्या बैठकीत काय काय सांगायचं ते मी त्यांना ऐकवत होते. स्कूटरचं आधी सांगू, मग माणिकवहिनींना दिलेल्या शब्दाचं, म्हणजे लोकांना भिडेल. चपलांच्या ढिगाचं नंतर. श्यामकांत मध्ये बोलले तर मी सांभाळून घेईन, आमच्याच मंडळाचे आहेत. काठीचा आवाज तेवढा येत होता. बेकरीपाशी ते न सांगता डावीकडे वळले आणि आमच्या मंडपाच्या जागेवर आले. इथेही फक्की मारलेली होती, या खेपेला फुटपाथचा थोडा भाग सोडून. श्यामकांतांनी स्वतःहून सोडला होता. मी ते सांगितलं. दशरथभाऊंनी त्या सोडलेल्या जागेतून काठी फिरवली, एकदा जाऊन आले आणि मग म्हणाले, चांगला माणूस आहे तो. पण कठडा नाही. गुरुवारी सांगायला लागेल.

मी म्हटलं, त्याची काळजी नको, मी आहे ना.

ते थांबले. काठी दोन्ही हातांनी पुढे धरून उभे राहिले, फोनवर समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघताना राहतात तसे.

"ताई, एक मागणं आहे," ते म्हणाले. "आज चपलेवाल्याने तुम्हाला विचारलं, तुम्ही सांगितलं. फुलवालीने तुम्हाला विचारलं, तुम्ही सांगितलं. तुमचा जीव आहे, माहीत आहे मला. पण गुरुवारी मी बोलायला उभा राहिलो की तुम्ही काही बोलू नका. मी अडकलो तरी, चिडलो तरी, सगळा मालवणीत बोललो तरी. श्यामकांत हसले तरी. मॅडमनी तुमच्याकडे बघितलं, तरी तुम्ही माझ्याकडे बघा. एवढा कराल माझ्यासाठी?"