सासूबाईंचा पदर आणि आसरांचा डोह

मी आजवर गळाला लावलेला सर्वांत वजनदार जीव म्हणजे माझ्या सासूबाई. (चुकून! त्यांना हे अजून माहीत नाही, तेव्हा आपल्यातच राहू द्या.)

पलटणीत असताना आमची तुकडी वर पहाडात होती. आमच्या साहेबांना मासेमारीचा नाद, आणि त्यांचं सामान वाहता वाहता तो मलाही लागला. गांडूळ नाही, कणकेचा गोळा नाही. गळाला कोंबड्याचं पीस आणि रेशमाचा दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची, लांब दोरी डोक्यावरून मागंपुढं झुलवायची आणि ती माशी पाण्यावर अलगद उतरवायची. मासा फसतो, वर येतो, गळाला लागतो. आणि मग साहेब त्याला सोडून द्यायचे! पेन्शनीवर साताऱ्याकडं गावी आलो तेव्हा साहेबांची जुनी मासेमारीची छडी आणि ही खोड, दोन्ही बरोबर आणली.

गावाखाली कृष्णेला आसरांचा डोह आहे. तिथं पाण्यातल्या सात बाया राहतात म्हणून धुणं धुवायलाही कुणी जात नसे. पाणी काळंशार. थंडीत सकाळी असं धुकं बसायचं की स्वतःचे गुडघे दिसू नयेत. त्या डोहात खडस मासे होते, हातभर लांब, सोनेरी खवल्यांचे. मी एकेक धरायचो, त्याच्याशी चार शब्द बोलायचो आणि सोडून द्यायचो. दोन वर्षांत मला त्या माशांची माया लागली, यात लाजायचं काय? गावात मात्र बोभाटा झाला, हवालदाराला डोहातल्या बायांनी धरलंय.

"आवं, धरल्याला मासा परत पान्यात सोडताय, आन् घरी कालवनाला बटाटं!" बायको करवादायची. "देवऋषाला बोलवू का?"

दुष्काळ सरला त्या हिवाळ्यात आमच्या धाकट्याचं जावळ ठरलं. जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर बसवायचं असतं. मामा रुसला की कार्य अडलं! म्हणून जतहून माझा मेव्हणा सिदू आणि सासूबाई दोन दिवस आधीच आले. सिदू तिकडं विहिरींचे सुरुंग उडवायचा. त्यानं भाच्याला चांदीचे वाळे आणले आणि माझ्यासाठी पिशवीभर जिलेटीनच्या कांड्या.

"दाजी, डोह बगून आलो. लय मासं हाईत! उद्या दिस वर आला की दोन कांड्या टाकतो. पिल्लासकट समदं वर येतंय बगा. पंगतीला मटनासंगं मासं!"

मी त्याला भीती घालून बघितली. "पावणं, तितं आसरा हाईत."

"आसराबी सुरुंगाला भेत्यात की!"

जावळाच्या मामाला नाही म्हणायची सोय नव्हती. मग मी पलटणीत शोभेल असा बेत आखला. सिदू उठायच्या आत मोठे खडस पिसाच्या माशीनं धरायचे आणि घागरीत घालून खालच्या डोहात पोचवायचे. (साऱ्या डोहाला एक घागर! पण हिशेब करणारं डोकं त्या वेळी जागेवर नव्हतं.)

उजाडायला मी डोहात उभा होतो. धुकं इतकं दाट की छडीचं टोक दिसेना. पाखरू ओरडत नव्हतं, पाण्याचाही आवाज थांबला होता. मी दोरी झुलवली. पुढं, मागं, पुढं, मागं. आणि ती मागंच अडकली! ओढली, तर जरा सैल झाली. पुन्हा ओढली.

धुक्यातून बारीक आवाज आला, "कोन हाय?"

लढाई बघितलेला माणूस मी! पण घागर हातातून सुटली आणि पाण्यात पडून बुडबुड करायला लागली.

"पदर सोड, आये! वटी घिऊन आलेय मी!"

आवाज ओळखला. सासूबाई! जतला टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेली बाई. एवढं भरलेलं पाणी बघून आसरांची ओटी भरायला आली होती, आणि माझा गळ तिच्या पदरात. हाक मारावी तर जावयानं सासूचा पदर ओढला हे गावाला कोणत्या तोंडानं सांगू? मी चाकू काढायला वळलो, तर छडी हलली आणि पदराला आणखी हिसका बसला.

"अय्यय्यो! काय पायजे तुला? माज्या लेकानं सुरुंग आनलाय म्हनून व्हय?"

घागर म्हणाली, "बुडुक."

"न्हाई टाकू देत! तुजी शप्पत!"

घागर शेवटचं "बुडुक" म्हणून तळाला गेली. मी दोरी कापली. सासूबाई ओटी तिथंच टाकून पळाल्या.

मी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात छडीला उरलेली कापलेली दोरी पाण्यावर हळूहळू सरळ व्हायला लागली. डोहाच्या मधल्या बाजूला. मग ताठ झाली. छडीचं रीळ कर्रकर्र करत तीन वेढे फिरलं आणि थांबलं.

गळ तर सासूबाईंच्या पदरात होता. मग दोरी कुणी धरली? मी विचार करत थांबलो नाही. पलटणीतही कधी पळालो नव्हतो तसा पळालो.

घरी सासूबाई घोंगडी पांघरून बसल्या होत्या आणि सिदू मुकाट्यानं कांड्या पिशवीत भरत होता. (गळ बायकोला पदरात सापडला. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि तो चुलीत टाकला.)

"आसरानं सोता सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या. "त्या डोहात सुरुंग न्हाई, जाळं न्हाई, गळ न्हाई!"

"मामी, गळ चालंल की," मी सासूबाईंना म्हणालो. "हलका असतोय."

"जावईबापू!"

गावानं त्याच दिवशी ठराव केला आणि पलटणीतला माणूस म्हणून डोहाची राखण माझ्याकडं दिली. जावळ मटणावर पार पडलं. सिदू परत गेला, सासूबाई आसरांना बोललेला नवस फेडायला मागं राहिल्या. माझे खडस वाचले, याचा मला खरोखर आनंद झाला. तो आनंद मी आठ दिवस सोसला.

नवव्या दिवशी धुक्यात डोहावर पहिला चोर सापडला. हातात छडी, गुडघाभर पाण्यात. चोर म्हणजे मी, आणि पकडणाऱ्या सासूबाई!

"राखनदारच चोर? घासा नाक! सात बाया हाईत, सात येळा!"

काठाच्या ओल्या दगडावर मी नाक घासलं. सातव्या खेपेला डोळे उघडले, तर समोर काळ्या पाण्यात डोहातला सगळ्यांत मोठा खडस स्तब्ध उभा होता. दोन वर्षांत तो माझ्या इतक्या जवळ कधी आला नव्हता. नुसता हात पुढं केला असता तरी त्याच्या पाठीला लागला असता. पण माझे दोन्ही हात सासूबाईंनी पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते!