चामड्याचा वायसर

बागायतदार अण्णासाहेबांकडे फवारणीचा पंप आलाय आणि आपल्याला बोलावलंय म्हटल्यावर मच्छिंद्रनं धुतलेला सदरा अंगात घातला. शहात्तर साल होतं. मलेरियाच्या पथकात त्यानं तीन वर्षं काढली होती, कुंभार पिंपळगावच्या आसपासची घरं न् गोठे फवारले होते. डोळे मिटून पंप खोलून परत बसवायचा. गाव त्याला ‘मच्छरवाला मच्छिंद्र’ म्हणून चिडवायचं आणि त्याला ते आवडायचंही. हे नाव त्यानं स्वतः कमावलं होतं. जातीचं नाव तर गावानं फुकटच दिलेलं.

ते नाव टाकायला त्याच्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतली. मेलेली ढोरं ओढणं, सोलणं त्या दिवसापासून बंद. गावानं मजुरी तोडली, महिनाभर चूल धड पेटली नाही, तरी म्हातारा हटला नाही. मरताना लेकाला एवढंच म्हणाला, “कुणी जात काढून चामडं पुढं केलं तं हात लावू नको.” मच्छिंद्रनं शब्द दिला होता.

अण्णासाहेबांच्या ओसरीवर जालन्याहून आलेलं खोकं फोडलेलं होतं. पेंढा सगळीकडे उडालेला. हातात धरायचा छोटा पितळी टाकीचा पंप, नळी, तोटी, दट्ट्या, सगळं ओळीनं मांडलेलं. मोसंबीच्या कोवळ्या रोपांवर मावा पडला होता, त्यासाठी हा थाट. मच्छिंद्रचे हात शिवशिवले.

“ये मच्छ्या,” अण्णासाहेब म्हणाले. “बाकी बसवतो मी. कागदात लिहिलंय, वायसरला तेल चोळा. अन् वायसर निघाला चामड्याचा. तेवढं तू कर. हे तुमच्याकडचं काम.”

आणि त्यांनी दट्ट्याच्या टोकाला बसणारा, वाटीसारखा तो रुपयाएवढा वायसर काडीनं त्याच्याकडे ढकलला. काडीनं!

मच्छिंद्रनं त्यांना खालून वर न्याहाळलं. पायात करकर वाजणाऱ्या कातडी चपला, कमरेला कातडी पट्टा, उभा जन्म कातडी मोटेचं पाणी प्यायलेला माणूस, आणि वायसरला काडी लावतो! त्यांच्याहून स्वतःचीच किळस जास्त आली. ह्याच्यासाठी धुतलेला सदरा घालून आलो आपण.

“न्हाई लावत,” तो म्हणाला.

“मलेरियात लावत होतास ना रोज? तवा बरं चाललं?”

“तवा पंपाचा माणूस म्हणून लावत होतो. तुम्ही जात काढून सांगून राह्यले.”

“लई शाना झाला. जा मंग.”

तो ओसरी उतरला. मागं अण्णासाहेबांनी वायसर तसाच कोरडा, चिमट्यानं उचलून दट्ट्यावर अडकवला. अडकवला तोही उलटा, तोंड वर करून. मच्छिंद्र फाटकाशी रेंगाळून पाहत राहिला आणि त्याला शिसारी आली. एवढं चांगलं यंत्र आणि हे हाल! अण्णासाहेब टाकीत पाणी भरून घाम गाळत दट्ट्या हाणत होते. तोटीतून थेंब थेंब गळत होतं, म्हातारी शेळी मुतावी तसं.

“मच्छिंद्रराव,” ओसरीवरून अण्णासाहेबांची हाक आली. “तुम्ही पंपातले जाणकार. जरा बघता का?”

राव! तुम्ही! मावा माणसाला काय काय बोलायला लावतो. तरी तो परतला, कारण ह्या वेळी पंपवाल्याला हाक मारली होती. बापाचा शब्द मोडत नव्हता. त्यानं दट्ट्या खोलला, वायसर सुलटा केला, बोटांनी तेल चोळून चोळून मऊ केला, नळी आवळली, टाकीत परत साधं पाणी भरलं. दहा-बारा दट्टे मारून तोटी सोडली तर धुक्यासारखा बारीक फवारा दारातल्या रोपावर पसरला. पाहून त्याला क्षणभर फार बरं वाटलं.

अण्णासाहेब खूश झाले. आत तोंड करून बायकोला म्हणाले, “पुष्पा, पाणी आण अन् पंपावर शिंपड. घरात घ्यायचाय. मच्छ्यानं हात लावलाय त्याला.”

ते हळूही बोलले नाहीत. ऐकलं तर ऐकलं, असं.

मच्छिंद्रला ओरडावं असंही वाटेना. ह्या माणसावर ओरडायचं म्हणजे आपलंच तोंड घाण करायचं. त्यानं तोटी सोडून टाकीतली हवा जाऊ दिली, दट्ट्या उपसला, वायसर काढला. तेलानं माखलेला, गरम झालेला. अण्णासाहेबांचा हात धरला आणि वायसर त्यांच्या तळहातावर ठेवून वरून त्यांची बोटं मिटवली.

“मी हात लावलेला न्हाई चालत ना,” तो म्हणाला. “मंग तुम्ही बसवा. त्याचं तोंड खाली ठेवजा.”

अण्णासाहेबांनी मूठ उघडली नाही. टाकावा तर पंप बंद आणि धरावा तर हात बाटतो. आतून पुष्पाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि कशावर शिंपडायचं, म्हणून विचारू लागल्या.