सूनबाईची पुस्तकं आणि माझी झोप

दोन हजार बावीस साल. मी सत्तरीचा. दिघाशी गावी, घराच्या ओटीवर ट्रंक ठेवून रिक्षाची वाट बघत होतो, तेव्हा धाकटा भाऊ काळूराम म्हणाला, "दादा, या वयात सुनेच्या घरी? चार दिवसांत परत येशील बघ."

"परीक्षा होईस्तोवर येत न्हाय. बोललो म्हणजे बोललो."

परीक्षा सूनबाईची, जयश्रीची. इमारतीचे नकाशे ती काढायची, पण खाली सही दुसऱ्या इंजिनियरची, कारण लायसन त्याच्याकडे. त्या लायसनची परीक्षा तिची एकदा हुकली होती. मुलगा दुबईला, नात लहान. घरात माणूस हवं होतं. म्हणून मी भिवंडीत चौथ्या मजल्यावर राहायला आलो. दिघाशीत दार उघडलं की शेत. इथं दार उघडलं की लिफ्ट.

आल्यावर बघतो तर अभ्यास बाजूलाच. टेबलावर नुसता ढिगारा. जाडी पुस्तकं, क्लासच्या नोट्स, मोबाईलवर व्हिडिओ, पीडीएफ. रोज नवं काहीतरी मागवायचं आणि यातलं कुठलं धरू या विचारात दिवस घालवायचा. तारीख जवळ येत होती.

"सूनबाई, रोपांच्या एका राबात चार जातींचं भात पेरत न्हाईत."

"बाबा, हे भात नाही. एकच धरलं आणि तेच चुकीचं निघालं तर?"

"मला वाचून दाखव. कुठलं धरायचं ते मी सांगतो."

ती हसली. "तुमची शाळा चौथीपर्यंत, बाबा!"

"चौथी नापास," मी ताठ मानेनं म्हणालो. "पण कान शाबूत हायत."

मग रोज भाकऱ्या झाल्या की ती एकच धडा, तुळई का वाकते हा, वेगवेगळ्या पुस्तकांतून वाचून मला मराठीत समजावायची. क्लासच्या नोट्स सुरू झाल्या आणि झोपेनं माझी मान पडली. नोट्स बाद. व्हिडिओतल्या सरांनी "देखिए बच्चों" म्हटलं आणि मी घोरायला लागलो, असं ती म्हणते. मी अजून कबूल केलेलं नाही. डोळे मिटून ऐकत होतो. पण तोही बाद. नात टाळ्या पिटायची, "आजोबा झोपले! हेपण गेलं!"

शेवटी एक जुनं, पाठ फाटलेलं पुस्तक निघालं. ती सांगत गेली, मी ऐकत गेलो. मध्येच विचारलं, "मग आपल्या दिघाशीच्या घराचं आढं मध्येच का वाकलंय?"

जयश्री थांबली. पेन्सिलीनं दोन खांब काढले, वर आढं, त्यावर कौलांचा भार. खांब लांब लांब, म्हणून मधला भाग खाली. न अडखळता सगळं सांगितलं आणि मग स्वतःच चकित होऊन बघत राहिली.

"बाबा, मला येतंय की हे!"

"मग इतके दिवस काय शोधत होतीस?"

बाकीचा ढीग तिनंच माळ्यावर टाकला. ते एक पुस्तक आणि जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसली. पास झाली.

निकालाच्या संध्याकाळी काळूरामचा फोन. "दादा, झालं ना तुझं काम? आता घरी ये."

दिघाशीकरांनो, आता तुम्हालाच सांगतो, गावात मला मान आहे, नाही म्हणत नाही. पण तिथं दुपारी डोळा लागला तर तुम्ही म्हणता, म्हातारा थकला. इथं माझ्या झोपेनं इंजिनियर घडवली. जिथं माणसाची झोपही कामाला येते, ते घर नाही तर काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो करून दिघाशीला गेलो आणि ओटीवरची माझी झोपायची बाज उचलली. काळूरामला म्हणालो, "बघत काय बसलास? दुसरं टोक धर." भिवंडीत आलो तर बाज लिफ्टमध्ये मावली नाही. मी आणि टेम्पोवाल्यानं जिन्यानं वर चढवली. तिसऱ्या मजल्यावर दम लागला, पण कुणाला बोललो नाही.