तारखेला भरणारं गाव

माझ्या मायवर सरकारी कामात अडथळा आणल्याची केस होती. ती कित्येक वर्षं चालली. सुटका झाली त्या दिवशी माय कोर्टाच्या पायरीवर बसून रडली. लोकांना वाटलं, आनंदानं रडतेय.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी होतं, आता ते गोसीखुर्दच्या पाण्याखाली आहे. धरणात पाणी अडवायला लागले तसा वाटेवरच्या नाल्याला फुगवटा आला आणि गावाचा रस्ता बुडाला. निम्मं गाव आधीच निघून गेलं होतं. उरलेल्या घरांचा पंचनामा करून ती खाली करून घ्यायला एक अधिकारी आले, सोबत पोलीस होते. नाल्याच्या पलीकडे थांबून त्यांनी आमच्या शेजारच्या ढिवरकाकाला डोंगा मागितला. काकाचा जन्म नदीवर गेलेला. कोणालाही पार करून द्यायला त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाला.

"डोंगा माहा आहे साहेब. गाव उठवाले नाही देत मी."

साहेबांनी समजावलं, पोलिसांनी दरडावलं. काका डोंग्यातच बसून राहिला. शेवटी दुसऱ्या गावाहून नाव आणली गेली. ते लोक अलीकडे उतरेपर्यंत माय आणि आळीतल्या बायका गावाच्या तोंडाशी रस्ताभर बसल्या होत्या. घोषणा नाही, आरडाओरड नाही. नुसत्या बसलेल्या. कोणी तांदूळ निवडत होती, कोणी लेकराला पाजत होती.

"बाई, उठा. कायदा आहे. सरकारी कामात अडथळा आणता येत नाही," साहेब म्हणाले.

"आमी काहीच नाही करून राहिलो साहेब," माय म्हणाली. "बसून राहिलो."

बराच वेळ तसाच गेला. ऊन चढलं. साहेब घामानं निथळत होते. माय उठली, घरातून लोटा भरून पाणी घेऊन आली, त्यांच्या हातात दिला. ते पाणी प्यायले. रिकामा लोटा घेऊन माय पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली. संध्याकाळी ते लोक पंचनामा न करताच परत गेले आणि काही दिवसांनी समन्स आले. बायकांवर अडथळ्याचं कलम, काकावर मदत मागूनही न दिल्याचं कलम. आणि कागदात कुठूनशी धक्काबुक्कीही आली होती, त्यामुळे बायकांवर आणखी एक मोठं कलम लागलं. आमच्या वकिलांनी ते सोपं करून सांगितलं: "साहेबांच्या अंगाला हात लावला असेल तर मोठं, नुसतं आडवं बसलं असेल तर लहान. आणि काका, तुम्ही मदत करायला कायद्यानं बांधील होता का, हे त्यांना दाखवावं लागेल."

काकानं विचारलं, "गाव बुडवाले मदत करा म्हणून लिहिलं आहे का कायद्यात?"

वकिलांनी फाईल मिटली.

गाव उठलंच. आम्हाला पुनर्वसनातला प्लॉट मिळाला. एका आळीतली माणसं चार दिशांना गेली. कोणी नातेवाइकांच्या आधारानं मोहाडीकडे गेलं, कोणी एकोडीला जावयाकडे. काकाला दूरच्या वसाहतीत घर मिळालं, तिथून नदी दिसतसुद्धा नव्हती. नव्या वसाहतीत रस्ते सरळ होते, घरांवर नंबर होते. माय दारात बसायची, पण समोरच्या दारात बसणारी बाई दुसऱ्याच गावची. दोघी एकमेकींकडे पाहून हसायच्या आणि मग बोलायला काही सापडायचं नाही.

मग पहिली तारीख आली.

मी तेव्हा कॉलेजात होते. मायला एकटीनं कोर्टात जायची भीती वाटायची, म्हणून सोबत गेले. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात शिरलो आणि कडुलिंबाखाली सगळ्या बायका! माय धावतच गेली. आरोपीला असं धावताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. एकीनं तिला कवटाळलं, दुसरी तोंडाला पदर लावून रडायला लागली. काका पायरीवर बसला होता. त्यानं पिशवीतून सुकलेले झिंगे काढून मायच्या हातात दिले.

"वयनी, हे नदीचे नाही. बाजारचे आहेत," तो म्हणाला. जणू माफी मागत होता.

तारीख पुढची पडली. कोणाला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्यानंतर तारीख म्हटली की माय आदल्या दिवशीच लाखोरीची डाळ भिजत घाली. सकाळी वडे तळून डब्यात भरी, चांगलं लुगडं नेसे. कडुलिंबाखाली डबे उघडत. कोणाची लेक बाळंत झाली, कोण सासऱ्याशी भांडून माहेरी आली, कोणत्या म्हाताऱ्यानं नव्या घरात जीव सोडला, सगळं तिथंच कळायचं. विहारातल्या पौर्णिमेच्या खिरीची आठवण निघायची, गावच्या बोडीतल्या, म्हणजे तळ्यातल्या, सिंगाड्यांची निघायची. एकदा पारापासून तिसरं घर कोणाचं यावरून बायकांचं भांडण जुंपलं. शिपायानं पुकारा केला तरी कोणाला ऐकू गेलं नाही. आत गेल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, "एवढा वेळ का लागला?" माय खाली मान घालून म्हणाली, "गावात होतो साहेब."

न्यायाधीशांना ते समजलं नाही. मला समजलं.

शेवटी त्या साहेबांची साक्ष निघाली. त्यांची बदली लांब झाली होती, केस पिकले होते. आमच्या वकिलांनी विचारलं, "या बायकांनी तुम्हाला धक्का दिला?"

त्यांनी बायकांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "नाही. कोणी हात लावला नाही. त्या बसल्या होत्या." आणि विचारलेलं नसताना मायकडे बोट दाखवून म्हणाले, "यांनी मला पाणी दिलं होतं."

सरकारी वकिलांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. काकाच्या बाबतीतही, डोंगा देणं त्याला बंधनकारक होतं असं कुठं दिसलं नाही. काही महिन्यांनी निकाल लागला. सगळे सुटले.

बाहेर येऊन वकील हसत म्हणाले, "झालं बाई. आता कोर्टात यायची गरज नाही."

मायनं विचारलं, "कधीच नाही?"

"कधीच नाही."

"आन् वकीलसाहेब, अपील नाही का होत?"

"सुटलेल्या माणसाला कसलं अपील, बाई?"

तेव्हा माय पायरीवर बसली. काका जवळ येऊन उभा राहिला. "वयनी, आपण तसंच येत जाऊ ना इथं. केस नसली म्हणून काय झालं," तो म्हणाला. बायकांनी हो हो केलं. दर पौर्णिमेला भेटायचं ठरलं. पहिल्या वेळी बरेच जण आले. पण आवारात शिरल्यावर शिपायानं विचारलं, "तुमची कोणती केस?" आणि सगळे गडबडले. पुढच्या वेळी कमी आले. कोणाच्या धानाच्या रोवण्या होत्या, कोणाचे गुडघे धरले होते. समन्सशिवाय घरातले सोडत नव्हते. मग हळूहळू ते थांबलं.

आता माय माझ्याकडे भंडाऱ्याला असते. काका मागच्या हिवाळ्यात गेला. त्याच्या बायकोला मुलानं मोबाईल घेऊन दिला आहे, आणि दुपारी जेवण झालं की माय मला नंबर लावायला सांगते. मी लावून देते आणि स्वयंपाकघरात जाते.

"काय करून राहिली वो?"

"काही नाही. तू?"

"मीबी काही नाही."

मग दोघी गप्प. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येतो, एखादी मोटारसायकल जाते. मी भांडी घासून बाहेर येते तेव्हाही फोन मायच्या कानाशीच असतो. दोघींपैकी कोणीच तो ठेवत नाही.